स्मरण आणि पुनर्दर्शन

ज्या देवतेचे अखंड स्मरण करावयाचे, तिची मूर्ती अथवा तिचे चित्र सुंदर असले पाहिजे काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच कोणी उघडपणे विचारतो. कारण सुंदर वस्तू मनावर ठसते, ठसलेली वस्तू सहज आठवते, आणि सहज आठवणाऱ्या रूपावर चित्त स्थिर करणे सोपे जाते, ही विचारांची साखळी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की, तिची एकेक कडी तपासून पाहण्याची गरजच कोणास भासत नाही. शिल्पकाराने प्रमाणबद्ध मूर्ती घडवावी, चित्रकाराने रेखा आणि वर्ण यांचा मेळ साधावा, आणि भक्ताने ते रूप डोळ्यांत साठवून घरी न्यावे, अशी ही सरळ वाटणी आहे. मला ती मान्य नाही. सौंदर्य आणि स्मरणीयता हे दोन धर्म एकाच चित्रात एकत्र नांदू शकतात हे खरे, परंतु एकाच्या अस्तित्वावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही. आणि ज्या परंपरांनी स्मरणालाच उपासना मानले, त्यांच्या आचारात हा भेद, सिद्धान्तरूपाने फारसा मांडला गेला नसला तरी, पुरेपूर पाळला गेलेला दिसतो.

प्रथम प्रयोगशाळेचा दाखला घेऊ. 2011 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फिलिप इसोला, अँटोनियो तोराल्बा, ऑड ऑलिव्हा आणि त्यांचे सहकारी यांनी शेकडो माणसांपुढून छायाचित्रांचा एक प्रवाह झरझर नेला, आणि पूर्वी दिसलेले चित्र पुन्हा दिसताच खूण करावी एवढेच त्यांना सांगितले. कोणती चित्रे लक्षात राहतात याविषयी परस्परांना अनोळखी माणसांत विलक्षण एकमत आढळले. माणसांचे चेहरे, माणसांच्या हालचाली, घराच्या आतले दृश्य ही राहतात. डोंगर, सागरकिनारे, सूर्यास्त ही निसटतात. याच कामाच्या पुढच्या टप्प्यात, ज्यात देवी पारीख याही सामील होत्या, चित्रे सुंदर आहेत काय आणि पुढे आपल्या लक्षात राहतील काय, हेही लोकांना विचारण्यात आले. लोकांनी सुंदर ठरविलेली चित्रे अधिक स्मरणीय निघाली नाहीत. उलट, सौंदर्य आणि स्मरणीयता यांचा संबंध, क्षीण का होईना, विरोधाचाच दिसला. आणि आपल्या लक्षात काय राहील याविषयीचे लोकांचे भाकीतही फसले. ज्याला आपण सुंदर म्हणतो तेच लक्षात राहील असे आपल्याला वाटते, आणि नेमके तेच राहत नाही.

या निष्कर्षाने ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांनी आपले न्यायसूत्र उघडून पाहावे. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकात स्मृती कशाकशाने जागी होते याची एक लांबलचक यादी सूत्रकाराने दिली आहे: एकाग्रतेने, अभ्यासाने, चिन्हाने, साम्याने, स्वामी-सेवकासारख्या संबंधाने, वियोगाने, विरोधाने, अतिशयाने, सुखाने, दुःखाने, इच्छेने, द्वेषाने, भयाने, गरजेने, आसक्तीने, आणि धर्माधर्मानेसुद्धा. ही यादी मी पुष्कळदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्यातील एका अनुपस्थितीपाशी थबकलो आहे. तिच्यात सौंदर्य नाही. सुख आहे, आसक्ती आहे, पण जे पाहून सुख होते त्या वस्तूचे रूपगुण स्मृतीचे स्वतंत्र कारण म्हणून नोंदण्याची आवश्यकता त्या काटेकोर बुद्धीच्या मंडळींना वाटली नाही. अतिशय मात्र आहे, म्हणजे नेहमीच्या मापाबाहेरचे जे काही असेल ते.

या अतिशयाचे महत्त्व फार दूरच्या एका ग्रंथानेही ओळखले होते. इसवीसनपूर्व पहिल्या शतकात हेरेन्निअस नामक गृहस्थास उद्देशून लिहिलेले, आणि दीर्घकाळ सिसेरोच्या नावावर मोडलेले, एक लॅटिन वक्तृत्वशास्त्र आहे. भाषण पाठ करणाऱ्याने मनातल्या मनात कोणती चित्रे उभी करावीत, याविषयी त्यातील अज्ञात लेखकाची सूचना अशी की, ती एकतर असामान्य सुंदर असावीत किंवा असामान्य कुरूप. त्यांना मुकुट घालावेत, अथवा रक्ताने, चिखलाने किंवा तांबड्या रंगाने त्यांना माखून टाकावे, म्हणजे ती विसरली जाणार नाहीत. येथे सौंदर्याला प्रवेश मिळाला आहे खरा, परंतु तो सौंदर्य म्हणून मिळालेला नाही. कुरूपतेच्या पंक्तीला बसून, केवळ असामान्यत्वाच्या परवान्यावर मिळालेला आहे. त्या रोमन लेखकाला आपल्या गावकुसावरचा शेंदूर माखलेला तांदळा पाहावयास मिळाला असता, तर आपल्या सूचनेचे इतके शुद्ध उदाहरण दुसरे नाही असे त्याने कबूल केले असते. ज्याला नाक नाही, डोळे असलेच तर चांदीचे वरून चिकटविलेले, अवयवांचे प्रमाण काढावे तर अवयवच नाहीत, असा तो पाषाण एकदा पाहिलेल्या मुलालाही जन्मभर आठवतो. आणि सिन्नरच्या एखाद्या मंदिरातील भिंतीवर कोरलेली, प्रत्येक अंगुळ मोजून घडविलेली सुरसुंदरी त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

तरीही या प्रयोगांचा निकाल अखेरचा मानण्यापूर्वी, त्यांनी स्मृतीच्या कोणत्या अंगाची जबानी घेतली हे पाहिले पाहिजे. हे चित्र पूर्वी पाहिले होते काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आपले तार्किक याला स्मृती म्हणणारच नाहीत. केवळ संस्कारातून उपजते ती स्मृती, आणि संस्काराला इंद्रियाची जोड मिळून जे ज्ञान होते ती प्रत्यभिज्ञा, हा भेद अन्नंभट्टासारखा प्राथमिक ग्रंथ लिहिणाराही सांभाळतो. प्रत्यभिज्ञेचे काम दफ्तरातल्या कारकुनासारखे आहे: आलेला इसम पूर्वी येऊन गेला होता काय, त्याच्या कपाळावरची खूण नोंदीत आहे काय, इतकी रुजुवात झाली की त्याचे कर्तव्य संपले. इसम कसा होता, त्याच्या सहवासात बसणाऱ्याला काय वाटले, हा तपशील त्याच्या रकान्यात मावत नाही.

आणि सौंदर्य तर नेमके त्या न मावणाऱ्या तपशिलातच असते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गर्भगृहाकडे जाताना डाव्या हाताला, पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आहे. ते पाहून आलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की, मस्तकावर उंच किरीट आहे, उजव्या हातात निळसर कमळ आहे, मान एका अंगाला कललेली आहे, दृष्टी खाली वळलेली आहे. सगळे बरोबर. परंतु हीच सर्व चिन्हे पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकावर, हातरुमालावर, लाकडी पेटीच्या झाकणावर जशीच्या तशी उतरलेली असतात, आणि तेथे करुणेचा लेशही नसतो. भुवईची ती लांब रेषा नाकाच्या रेषेशी ज्या कोनात मिळते, खांद्याचा उतार मानेच्या कलण्याला ज्या हळुवारपणे उत्तर देतो, आणि भोवतीच्या आकृतींच्या गर्दीत ती एकटी आकृती ज्या निश्चलतेने उभी राहते, त्या परस्परसंबंधांत ती करुणा आहे. आणि स्मृती घटक बाळगते, संबंध बाळगण्याची तिची ताकद फार थोडी. लेण्याबाहेर येऊन, वाघूर नदीच्या वळणाकडे पाहत, मी ते मुख मनात पुन्हा उभे करू लागलो तेव्हा कमळ आले, किरीट आला, मुख आले नाही. मात्र परत आत जाण्याची ओढ इतकी प्रबळ होती की, ती ओढ हीच त्या चित्राची माझ्यापाशी उरलेली खरी ठेव होय, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते.

ही ओढ म्हणजे काय, याचा जितका खोल विचार कालिदासाने केला आहे तितका मी अन्यत्र कोठे पाहिला नाही. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी दुष्यंत हंसपदिकेचे गाणे ऐकतो. दुर्वासाच्या शापाने शकुंतला त्याच्या चित्तातून पुसली गेलेली आहे; कोणाचा वियोग झाला म्हणावे तर तसे कोणी नाही; आणि तरी तो एकाएकी व्याकुळ होतो. रम्य वस्तू पाहून व मधुर स्वर ऐकून सुखी माणूससुद्धा जेव्हा असा कासावीस होतो, तेव्हा त्याचे मन, त्याच्या नकळत, जन्मांतरीचे काही स्नेह आठवीत असले पाहिजे, असे तो स्वतःशी म्हणतो. सौंदर्याने येथे स्मृती जागविली आहे, परंतु ती कशाची हे त्या स्मृतीला ठाऊक नाही. अभिनवगुप्ताने या श्लोकाचा आधार घेताना स्पष्ट बजावले आहे की, ही स्मृती तार्किकांना माहीत असलेली स्मृती नव्हे, कारण तिचा विषय पूर्वी अनुभवलेला नाही. साक्षात्काराच्या जातीचे हे निराळेच भान आहे. माझ्या मते सौंदर्य आणि स्मृती यांच्या संबंधाविषयी याहून नेमके विधान झालेले नाही. सुंदर वस्तू स्वतःची आठवण ठेवण्याविषयी उदासीन असते. ती पाहणाऱ्याच्या ठायी असलेले, पण त्याला सापडत नसलेले, असे काही हलविते.

सहाव्या अंकात याच प्रश्नाची दुसरी बाजू येते. अंगठी सापडली आहे, शापाचा पडदा सरला आहे, आणि आता राजाला सारे काही आठवते, इतके की, आठवणीशिवाय त्याला दुसरा उद्योग उरलेला नाही. त्याने शकुंतलेचे चित्र काढले आहे. चतुरिका ते फलक घेऊन येते. चित्रात तीन स्त्रिया आहेत, आणि विदूषक, ज्याने शकुंतलेला कधी पाहिलेले नाही, प्रामाणिकपणे म्हणतो की, तिघीही देखण्या आहेत, मग यांतली शकुंतला कोणती? पुढे तो अंदाजाने तिला ओळखतो, पण कशावरून? सैल पडलेल्या अंबाड्यातून ओघळलेली फुले, मुखावरचे घर्मबिंदू, झुकलेले बाहू, आणि शिंपणाने टवटवीत झालेल्या आम्रवृक्षाशेजारी किंचित दमल्यासारखे उभे राहणे, या खुणांवरून. सौंदर्य तिघींत समान आहे, म्हणून ते ओळखीच्या उपयोगाचे नाही. ओळख पटते ती श्रमाने, विस्कटण्याने, चिन्हाने. वर सांगितलेल्या प्रयोगांचा सारा निष्कर्ष या एका प्रश्नोत्तरात आलेला आहे.

त्या फलकावर आणखीही काही दिसते, आणि या स्थळी कालिदासाची दृष्टी किती जवळ जाते हे पाहण्यासारखे आहे. रेषांच्या कडांना राजाच्या घामेजलेल्या बोटांचे मळकट ठसे उमटले आहेत, आणि गालावर पडलेल्या अश्रूने तेथला रंग फुगून आला आहे. चित्रकलेच्या कसोटीने हे दोष आहेत. पण प्रेक्षकाच्या मनात त्या अदृश्य चित्रातले जर काही टिकत असेल तर हा फुगलेला रंगच टिकतो. राजाचे समाधान मात्र झालेले नाही. मालिनी नदी काढावयाची राहिली आहे, तिच्या वाळूत हंसांची जोडी हवी, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरणे हवीत, वल्कले टांगलेला वृक्ष हवा, त्याखाली कृष्णमृगाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजविणारी मृगी हवी. कानावरचे शिरीषपुष्प आणि वक्षावरचे कमळतंतूंचे सूत्रही अजून उतरलेले नाही. आठवण पुरी झाली असे त्याला कधीच वाटत नाही, कारण तो एकेका घटकाची भर घालून जे परत आणू पाहतो आहे ते घटकांत नव्हतेच. चित्रातल्या भुंग्याला तो खरा समजून दटावू लागतो, आणि विदूषक त्याला हे चित्र असल्याची आठवण करून देतो. तेव्हा तो दुःखाने म्हणतो की, मी तिला प्रत्यक्ष पाहण्याचे सुख भोगीत होतो, तू आठवण करून दिलीस आणि माझ्या प्रियेचे पुन्हा चित्र करून टाकलेस. स्मृती आली आणि दर्शन संपले. हा विचार अंगावर काटा आणणारा आहे. कारण आपण समजतो की, स्मृती गेलेल्याला परत आणते, आणि येथे कवी सांगतो की, समोर असलेल्यालाही ती चित्र करून टाकू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे यावयास हरकत नाही. उपासनेत ज्यांनी स्मरणाला साधन केले त्यांनी सुंदर चित्राचा आग्रह धरला काय? बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’त, जो पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचला गेला, पृथ्वीकसिणाचे, म्हणजे मातीच्या वर्तुळावर चित्त एकाग्र करण्याच्या साधनेचे, वर्णन आहे. साधकाने अरुणोदयाच्या रंगाची माती घ्यावी, निळी, पिवळी, तांबडी, पांढरी टाळावी, आणि वीत व चार अंगुळे रुंदीचे एक साधे वर्तुळ करून त्याच्यापुढे बसावे. डोळे मिटल्यावरही ते उघड्या डोळ्यांइतकेच स्पष्ट दिसू लागले, म्हणजे पहिली पायरी झाली. या अवस्थेत मातीतले ओरखडे आणि दोषही दिसतात. पुढे त्यातूनच दुसरे निमित्त प्रकट होते, आणि ते दोषरहित, मेघांतून बाहेर पडलेल्या चंद्रबिंबासारखे निर्मळ असते. म्हणजे आरंभीच्या वस्तूला रूप जवळजवळ नाही, आणि जे लावण्य आहे ते स्मरणाच्या शेवटी आहे. आपल्याकडील शुक्रनीतीची भूमिका याहून फार वेगळी नाही: मूर्तिकाराने ध्यानाने मूर्ती सिद्ध करावी, प्रत्यक्ष पाहूनसुद्धा ते साधणार नाही, आणि देवाचे बिंब लक्षणहीन असले तरी ते कल्याणकारकच होय. रामानुजाचार्यांनी तर श्रीभाष्याच्या आरंभीच उपासनेला तैलधारेसारखी अखंड स्मृती म्हटले, आणि भावनेच्या उत्कर्षाने ती स्मृती दर्शनाचाच आकार घेते असे प्रतिपादन केले. दुष्यंताच्या बाबतीत स्मृतीने दर्शनाचे चित्र केले. आचार्यांच्या साधकाच्या बाबतीत स्मृतीचे दर्शन होते. हा फरक कशाने पडतो?

मला वाटते तो वारंवारतेने पडतो, परंतु वारंवारता म्हटल्यावर एक सावधगिरी हवी. पुन्हा पुन्हा पाहिलेले आवडू लागते हे खरेच आहे; 2003 साली कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स कटिंग यांनी दाखविले की, वर्गात वरचेवर नजरेखालून गेलेली चित्रे विद्यार्थ्यांना अधिक रुचू लागतात. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढल्यावर त्याची लक्ष्मी, कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळे आणि बाजूला हत्ती अशी, घरोघरीच्या देवघरांत जाऊन बसली, आणि आज लक्ष्मी म्हटले की पुष्कळांना तीच दिसते, याचे श्रेय चित्रकाराच्या हाताला जितके आहे तितकेच छापखान्याच्या शिळेलाही आहे. परंतु 2013 साली ॲरन मेस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कटिंग यांचाच प्रयोग दोन प्रकारच्या चित्रांवर करून पाहिला: एका बाजूला जॉन मिले या इंग्रज चित्रकाराची निसर्गचित्रे, दुसऱ्या बाजूला थॉमस किंकेड या लोकप्रिय अमेरिकन चित्रकाराची गोड, उजळ खिडक्यांची दृश्ये. किंकेडची चित्रे जितक्या वेळा दिसली तितकी ती नावडती होत गेली. मिलेच्या बाबतीत असे झाले नाही. या लहानशा प्रयोगाला मी मोठे मोल देतो. स्मरणीय ते, जे अनुपस्थितीत टिकते. सुंदर ते, जे पुनर्दर्शनात टिकते. पहिल्या गुणाची परीक्षा डोळे मिटल्यावर होते, दुसऱ्याची डोळे पुन्हा उघडल्यावर.

पंढरीच्या वारकऱ्याला हा भेद कोणी शिकविलेला नाही. कमरेवरचे हात, विटेवरचे समचरण, उंच टोप, कानांतली मकरकुंडले: पाच-सात रेघांत कोणीही काढू शकेल असे ते रूप आहे, आणि म्हणूनच शेतात, जात्यावर, प्रवासात ते कोणत्याही सामग्रीवाचून आठवता येते. स्मरणासाठी याहून सोयीचे रूप कल्पिता येणार नाही. मग ज्याला ते मुखोद्गत आहे तो दरवर्षी इतकी वाट तुडवीत, तासन् तास दर्शनबारीत उभा राहून, पुन्हा तेच पाहावयास का येतो? आठवण अपुरी पडते म्हणून येतो असे म्हणता येत नाही. रूप आठवते, पण आठवणीत ते चिन्हांच्या रूपाने असते. पायांवर डोके ठेवण्याच्या त्या क्षणात ते संबंधाच्या रूपाने असते, आणि हा संबंध घरी नेता येत नाही. संतांनी त्या रूपाला सुंदर म्हटले, ते शिल्पशास्त्राचे प्रमाण हाती घेऊन म्हटलेले नाही. जे कितीही वेळा पाहिले तरी संपले नाही त्याला त्यांनी सुंदर म्हटले, आणि सौंदर्याची याहून चोख व्याख्या मला ठाऊक नाही.

या व्याख्येवर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. पदस्पर्शदर्शनाच्या अखंड ओघाने त्या मूर्तीचे पाय झिजतात. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वेळोवेळी वज्रलेप करून ती झीज आवरावी लागते. म्हणजे पाहावयास येणाऱ्यांच्याच हातांनी पाहावयाची वस्तू थोडी थोडी नाहीशी होत आहे, आणि जो दर्शन घेऊन धन्य होतो तो पाषाणात उरलेले रूप पाहतो की आपल्या स्मरणातून त्याच्यावर चढविलेले, हे सांगता येणार नाही. आक्षेपक म्हणेल की, तसे असेल तर पुनर्दर्शनात टिकले ते सौंदर्य नव्हे, ती भक्ताची सवय. मी याचे उत्तर असे देईन की, सवयीने माणूस वस्तूकडे पाहीनासा होतो. रोजच्या वाटेवरचा दगड कोणाला दिसत नाही, आणि किंकेडच्या उजळ खिडक्या विसाव्या वेळी डोळ्यांना नकोशा होतात. येथे उलट घडते: झिजलेल्या जागीच दृष्टी अधिक जडते, आणि स्मरण त्या जागी जे पुरविते ते आधी पाहिलेल्यापेक्षा कमी नसते, क्वचित अधिकच असते. दुष्यंताच्या फलकावर मालिनी नदी उतरावयाची राहिली होती म्हणून त्याचे दुःख वाढले, कारण त्याला गेलेले परत हवे होते. वारकऱ्याला परत काहीच आणावयाचे नसते, त्याला जावयाचे असते, आणि म्हणून मूर्तीतली उणीव त्याच्या वाटेत येत नाही.